डाव्या पायाचा गोंधळ

लग्नाच्या नवव्या वर्षी आमच्याकडे गाडी आली. ती का आली हे मला कळायच्या आधीच तिचा क्लच गेला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही अंबरनाथ पूर्वेला एका तीन मजली इमारतीत दोन खोल्यांत राहायचो. मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि दुसरीत शिकणारी आमची मुलगी. हे एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टूलरूमचे सुपरवायझर होते आणि मी तिथूनच पुढे, रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. दोघंही सकाळी शेअर रिक्षाने जायचो. गाडीची आम्हाला गरज नव्हती. आमच्या इमारतीत तोवर कोणाकडेच गाडी नव्हती.

यांच्या कारखान्याच्या मालकाच्या मुलाला शर्यतीचा नाद होता. त्याच्याकडे एक गाडी होती. बाहेरून टॅक्सीसारखीच साधी दिसायची, पण आत इंजिनाचं सगळं काम वेगळं करून घेतलेलं होतं. कार्बोरेटर दोन होते, सायलेन्सरचा आवाज घोगरा होता आणि पुढच्या सीटा अंगाला घट्ट धरून ठेवतील अशा खोलगट होत्या. त्या इंजिनाचे बरेचसे भाग यांनीच टूलरूममध्ये बनवून दिले होते. तो मुलगा पुढे परदेशी गेला आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. मालकांनी एक दिवस यांना विचारलं, तू घेतोस का, नाहीतर भंगारात जाईल. हे हो म्हणून आले.

हे असे माणूस की साबणाची वडी आणायची तर तीन दुकानं फिरून यायचे. त्यामुळे घरी येऊन यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करताहेत. सासूबाईंनी विचारलं, "कोणाची गाडी?" हे म्हणाले, "आपली." 

गाडी आल्यावर यांनी दुसरी गोष्ट केली. स्टेशनजवळच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये माझं नाव घातलं. मी कधी म्हटलं नव्हतं मला शिकायचंय. पण मी गेले. महिनाभरात लायसन्सही मिळालं. आता खरं सांगायचं तर त्या शाळेच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक होते. गाडी चालवली ती माझ्या पायाने की त्यांच्या, हे मला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असायची. त्या दिवशी तिथले रस्ते रिकामे असत. सासूबाई घरी, मुलगी शाळेत, आणि आम्ही दोघं गाडी घेऊन निघायचो. मी चालवायची, हे शेजारी बसायचे. हे ओरडणाऱ्यातले नाहीत. फक्त म्हणायचे, "सोड. अजून सोड. अगं, पाय सोड."

मी पाय सोडत जायची. पेडल जवळजवळ पूर्ण वर यायचं तेव्हा कुठे गाडी हलायची. अ‍ॅक्सिलेटर दिला की इंजिन गरजायचं, पण गाडी आपली हळूहळूच पुढे जायची. मला वाटायचं गाडी चालवणं म्हणजे हेच असणार. आवाज आधी आणि वेग मागून. शाळेच्या गाडीत तसं नव्हतं, पण ही शर्यतीची गाडी, हिचं वेगळं असेल. मी पायाला तसंच वळण लावलं. एकदम वर आणायचा, मग भरपूर अ‍ॅक्सिलेटर द्यायचा आणि वाट बघायची.

वासाचाही एक प्रकार होता. तेव्हा अंबरनाथमध्ये हवेला वास नसेल असा दिवस नव्हता. मी लॅबमध्ये काम करणारी, त्यामुळे नुसत्या वासावरून कुठल्या रस्त्यावर आहोत ते सांगायची आणि त्याचा मला अभिमानही होता. चालवताना एक जळका, नाकात बसणारा वास येऊ लागला तेव्हा मी यांना सांगितलं की कुठल्या तरी कंपनीने रबरात काही नवीन घेतलंय. हे म्हणाले, असेल. चार-पाच शुक्रवार तो वास आमच्याबरोबर फिरत होता. आज कंपन्या बंद आहेत, मग वास कुठून, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एका शुक्रवारी पुलावर चढताना गाडी मधेच रेंगाळली. इंजिन किंचाळत होतं आणि बाजूने रिक्षा पुढे जात होत्या. मी रडकुंडीला आले. यांनी हँडब्रेक ओढला आणि जागा बदलायला सांगितली. हे बसले, गिअर टाकला, आणि गाडीने यांच्याही पायाखाली तेच केलं. तोवर हे स्वतः फारशी चालवतच नव्हते, आणि जेव्हा चालवत तेव्हा सपाट रस्त्यावर, हळू. यांनी कसंबसं पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "क्लचची प्लेट गेली."

मला आधी बरं वाटलं. म्हणजे चूक माझी नव्हती. मग कळेना, की इतके शुक्रवार मी शिकले काय?

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका जुन्या बराकीच्या टोकाला एक गॅरेज होतं. मालक पन्नाशीचे सिंधी गृहस्थ. लहानाचे मोठे तिथेच झालेले, त्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलत, फक्त मधेमधे हिंदी घालून. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही. काकांनी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. मोठ्या थाळीएवढी चकती. तिच्या दोन्ही अंगांना घासण्यासाठी जे अस्तर असतं, ज्याला ते लायनिंग म्हणत, ते इतकं झिजलं होतं की ते ठोकून बसवणारे आतले खिळे, रिबिट, वर आले होते. प्लेट ज्याच्यावर दाबली जाते ते फ्लायव्हील तापून जागोजागी निळं पडलं होतं. काकांनी ती चकती माझ्या नाकाजवळ आणली. तोच वास.

हे म्हणाले, मालकाच्या मुलाने शर्यतीत वाट लावली असणार. काका म्हणाले, शर्यतवाला एवढं जाळत नाही, शिकणारा जाळतो. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला समजलं. मग हे आणि काका यावर बराच वेळ बोलत राहिले, आणि मी उभी राहून विचार करत राहिले की खराब क्लचमुळे मी चुकीचं शिकले की मी चुकीचं शिकले म्हणून क्लच खराब झाला. अजूनही सांगता येणार नाही.

आता करायचं काय, हा प्रश्न. नेहमीची साधी प्लेट घातली तर या इंजिनाचा जोर तिला झेपणार नाही, सहा महिन्यांत परत हेच. शर्यतीच्या गाड्यांचा खास क्लच बाहेरच्या देशातून मागवावा लागे, आणि त्या पैशात आमची अजून एक गाडी आली असती. काकांनी तिसरा रस्ता सांगितला. जुन्याच प्लेटला टेम्पोच्या जातीचं जाड लायनिंग ठोकायचं. आणि तिला दाबून धरणारी जी प्रेशर प्लेट, तिच्यातल्या स्प्रिंगा काढून जास्त ताकदीच्या टाकायच्या. घट्ट धरलं की घसरणार नाही. फ्लायव्हील हे टूलरूममध्ये नेऊन लेथवर साफ करून आणणार होते, तेवढीच बचत. हे दोघं डोकं जवळ आणून बोलत होते. स्प्रिंगांबद्दल काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आठवड्याने गाडी मिळाली, क्लचची केबलही नवी घातलेली. हे ती घरी घेऊन आले ते इतके खुशीत की जेवताना दोनदा म्हणाले, पुलावर कशी चढली माहितीये, रिकामी असल्यासारखी.

शुक्रवारी मी बसले. क्लचवर पाय ठेवला, दाबला, आणि पेडल अर्ध्यावर जाऊन थांबलं. मला वाटलं खाली काही अडकलंय. वाकून पाहिलं. काही नव्हतं. दात-ओठ खाऊन दाबलं तेव्हा खाली गेलं, पण सोडताना पाय थरथरायला लागला आणि गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडली. मी मोजत होते, हेही मोजत असावेत. पूर्वी पेडल अगदी वर आल्यावर गाडी हलायची. आता ते जमिनीवरून बोटभर उचललं की झटका. माझ्या पायाला जे येत होतं ते सगळं निरुपयोगी झालं.

मी सीट पुढे ओढली, पाठीमागे उशी घेतली. रात्री पोटरी दगडासारखी व्हायची. सासूबाई खोबरेल तेल गरम करून चोळायच्या. एकदा म्हणाल्या, "जातं ओढताना आमचे पण हात भरून यायचे. पण त्याचं पीठ तरी निघायचं."

यांचं वागणं मला समजत नव्हतं. मी गाडी बंद पाडली की हे खिडकीबाहेर बघत. एकदा मी विचारलंच, "अहो, हा एवढा कडक मुद्दाम ठेवलाय का?"

हे गोंधळून म्हणाले, "कडक? हलकाच आहे की. हलकाच करून घेतलाय."

 मला तो टोमणा वाटला. मनात नको नको ते यायला लागलं. मी चालवू नये असं यांना वाटतंय का? मग शाळेत नाव का घातलं? घातल्यावर पस्तावले, आणि तोंडाने सांगता येत नाही म्हणून पेडल कडक करून ठेवलं? हे असलं करणारे नव्हेत हे मला माहीत होतं. पण गाडी घेणारेही नव्हते, आणि घेतली होती. लॅबमध्ये एखादा रिझल्ट जुळला नाही तर मी नमुना परत तपासायची. इथे परत तपासायला काय घ्यायचं तेच कळत नव्हतं.

तीन महिने मी चालवत राहिले. हट्टानेच. हळूहळू पाय तयार झाला. सकाळी बाजारापर्यंत जायची, मुलीला शाळेत सोडायची. उतरल्यावर दोन मिनिटं गाडीला टेकून उभं राहावं लागायचं, पण जमत होतं.

मे महिन्यात मुलीला सुट्टी लागली. तिला माझ्या आईकडे बदलापूर गावात सोडायचं होतं. हे ड्युटीवर होते. मी म्हटलं, मीच रजा काढून नेते. गेलो, जेवलो, आईने कैऱ्या दिल्या. दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी एकटी परत निघाले. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. मी गाडी न्यूट्रल करून थांबले. फाटक उघडलं, मी क्लच दाबला, खट् असा आवाज झाला आणि पेडल पायासकट खाली गेलं. वर आलंच नाही. तीन महिने जे दाबताना घाम फुटायचा ते आता नुसतं लोंबकळत होतं.

मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला काही सुचेना. मी पेडल पायाच्या बोटांनी वर ओढत होते, जसं काही त्याला उठवायचं होतं. मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर उतरून आला. तिशीतला आगरी माणूस असावा, बोलण्यावरून वाटलं. त्याने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं की केबल तुटलीय. मी म्हटलं, आता? तो म्हणाला, "आता क्लच नाय असं समजा ताई. इंजिन बंद करा. पयला गिअर टाका नि तसाच सेल मारा. चालंल."

मला ते अशक्य वाटलं. गिअरमध्ये चावी फिरवायची नाही, हे शाळेत पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण दुसरं काही नव्हतं. त्याने आणि आणखी दोघांनी मागून जोर दिला, मी चावी फिरवली, गाडी दोन-तीन धक्के खात पुढे सरकली आणि इंजिन लागलं. तशीच मी फाटकाचे रूळ ओलांडले.

तो सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये कापायचा असं मी ठरवलं होतं. गाडी इतकी ओरडत होती की सायकलवाले वळून बघत होते. बऱ्याच पुढे गेल्यावर आवाज असह्य होऊन मी अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचलला आणि हात आपोआप गिअरच्या दांड्यावर गेला. दुसरा गिअर पडला. न खरखरता. तो कसा पडला हे मी आजही सांगू शकत नाही, आणि नंतर मुद्दाम करून पाहिलं तेव्हा पडला नाही.

अंबरनाथ आलं. दोन ठिकाणी थांबावं लागलं. दोन्ही वेळा इंजिन बंद, पहिला गिअर, चावी. घराकडे वळायचा रस्ता दिसला आणि मी वळले नाही. घरी नेऊन उभी केली तर उद्या परत हेच करून गॅरेजला न्यावी लागेल, एवढाच विचार होता. तशीच सरळ कॅम्प चारला गेले आणि काकांच्या दारात इंजिन बंद केलं.  काकांनी स्टूल दिलं, पाणी दिलं, बॉनेट उघडलं आणि आत बराच वेळ बघत राहिले.

मी म्हटलं, "काका, नवी केबल तीन महिन्यांत कशी तुटली?"

"तुटणारच," काका म्हणाले. "एवढ्या कडक स्प्रिंगा, केबल साधी. ताण कोण घेणार?"

"पण हे म्हणतात स्प्रिंगा हलक्या आहेत."

काका रुमालाने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "साहेबांनी हलक्याच सांगितल्या होत्या. मॅडम चालवणार आहे, ताकदीच्या नको, मधल्या टाका. दोनदा सांगून गेले. मी नाही टाकल्या. प्लेट परत सरकली असती तर बदनामी माझी. मला वाटलं, मॅडम चार दिवस चालवणार, मग सोडून देणार."

मी स्टुलावर बसून राहिले. राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो काकांवर होता की स्वतःवर, ते ठरत नव्हतं. तीन महिने हे खिडकीबाहेर बघत होते ते, हलक्या केलेल्या क्लचवरही बायकोला जमत नाही, आता हिला काय सांगावं, म्हणून. आणि मी समजत होते की यांनीच मुद्दाम कडक ठेवलाय.

समोरच्या दुकानातून यांच्या कारखान्यात फोन केला. सहाच्या आसपास हे रिक्षाने आले. काकांनी तेच सगळं यांना पुन्हा सांगितलं, जरा खाली बघून. हे माझ्याकडे वळले.

"मग तू तीन महिने त्या कडक स्प्रिंगांवर चालवलीस?"

"हो."

"आणि बदलापूरहून क्लचशिवाय?"

"हो."

"मला वाटलं, ताकदीच्या टाकल्या असत्या तर याहून कडक झाला असता," हे म्हणाले. मग, "तू मला म्हणाली होतीस."

"तुम्ही म्हणालात हलका आहे."

 हे काकांना म्हणाले, उद्या सगळं खोला आणि मधल्या स्प्रिंगा टाका. मीच नको म्हटलं. पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा, पुन्हा आठवडा, पुन्हा मजुरी, आणि प्लेट परत सरकली तर मी त्या पुलावर परत रडणार. काकांनाही काहीतरी भरपाई करायची असावी. त्यांनी सुचवलं की केबल गिअरबॉक्सवरच्या ज्या आडव्या दांडीला ओढते ती दांडी लांब करू. लांब दांडीने तेच वजन कमी जोरात उचललं जातं. पेडलला जरा जास्त खालपर्यंत न्यावं लागेल, एवढंच. हे तिथेच खिशातली पट्टी काढून मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी यांनी टूलरूममध्ये पोलादाची पट्टी कापून दांडीला जोड तयार केला. नेमकी किती लांबी हवी ते ठरेना, म्हणून थोड्या थोड्या अंतराने तीन भोकं पाडून आणली. शुक्रवारी आम्ही दोघं गॅरेजला गेलो. काका गाडीखाली झोपले, हे बॉनेटपाशी, आणि मला सीटवर बसवलं. काका खालून म्हणायचे, "मॅडम, दाबा. सोडा. आता दाबा." पहिल्या भोकात कडक. शेवटच्यात इतका हलका की क्लच पूर्ण सुटेना आणि गिअर खरखरायला लागला. मधल्यात बरा. मग केबलचा नट अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. पन्नास वेळा तरी मी दाबला असेल. सकाळ तशीच गेली.

आणि पकड पुन्हा तिसरीकडेच गेली होती. पहिल्यांदा अगदी वर, मग जमिनीलगत, आता मधे कुठेतरी. पण या खेपेला ती जागा माझा पाय तिथे असतानाच ठरली होती.

निघताना मी यांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी दमले. हे बसले. गॅरेजच्या गल्लीतून बाहेर आलो आणि मुख्य रस्त्याच्या तोंडाशी गाडी झटका खाऊन बंद पडली. यांनी परत चालू केली. परत बंद. मी यांच्या हातून गाडी बंद पडलेली तोवर पाहिली नव्हती. मागून एक हातगाडीवाला आणि दोन रिक्षा आल्या आणि थांबून राहिल्या. हे पायाकडे बघत म्हणाले, "अगं, हा पकडतोय कुठे?"

"बघू नका तिकडे," मी म्हटलं. "सगळा दाबा. आता सोडा. अजून. अजून थोडा. इथे. इथे थांबा."

गाडी हलली. यांनी दुसरा गिअर टाकला आणि आम्ही अंबरनाथच्या दिशेने निघालो.